हाताच्या पाठीवरचं वारं

उदबत्तीचा वास आला की माणसाला देवघर आठवावं, ही साधी रीत. मला मात्र आमच्या लेकीचा, ऋतुजाचा, गेम खेळायचा कॉम्प्युटर आठवतो आणि त्याच्यापुढे उकिडवे बसलेले दिनकरआबा आठवतात. चष्मा कपाळावर चढवलेला, एका हातात जळती उदबत्ती, दुसरा हात यंत्राच्या मागे उलटा धरलेला आणि तोंडानं दटावणी, "कोण बोलू नका. धूर हलतोय."

दिनकरआबा पोवार आमचे शेजारी. आमच्या दोन घरांत एक कंपाउंडची भिंत आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. धंदा पत्र्याचा. उद्यमनगरात त्यांचं शेड होतं आणि चाळीस वर्षं त्यांनी तिथे धुराडी केली. गुऱ्हाळाची केली, बेकरीची केली, खानावळींची तर किती केली त्याला गणती नाही. गावात मटणाचा वास कुठल्या गल्लीत कुठून निघून कुठे जातो हे आबांनी ठरवलेलं आहे, असं मी थट्टेनं म्हणायचो. ते हसायचे नाहीत, कारण त्यांना ती थट्टा वाटायची नाही.

कुणाच्याही घरी गेले की आबा आधी खिडकी उघडायचे. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत एक खिडकी उघडून झालेली असायची आणि समोरच्या भिंतीला दुसरी का नाही, याची चौकशी सुरू झालेली असायची. लग्नकार्याला त्यांच्याशेजारी बसायची सोय नव्हती. एकदा मंगल कार्यालयात सगळे अक्षता टाकत असताना आबा मान वर करून छताकडे बघत होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "मास्तर, हजार माणूस आत घेतलंय आन गरम वारं जायाला एक जाळी न्हाई. नवरा घामानं भिजलाय, लोकास्नी वाटतंय घाबरलाय." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो घाबरलेलाही होता, पण आबांचं म्हणणं खोटं नव्हतं.

शर्टाच्या खिशात पेन्सिलीशेजारी उदबत्त्यांचा पुडा कायम. मालनकाकी, म्हणजे आबांच्या मंडळी, यावरून रोज तोंडसुख घ्यायच्या. "देवाला एक लावत न्हाईत आन लोकांच्या भटारखान्यात बसून पाच-पाच जाळत्यात." त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं, "देवाचा धूर कुठं कोंडतोय? त्येचं बरं चाललंय."

धूर दाखवतो ते डोळ्यांनी बघायचं आणि दिसत नाही ते हाताला विचारायचं, अशी त्यांची पद्धत. हात मात्र नेहमी उलटा धरायचे. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी तळवा माझ्यापुढे केला. पत्र्यानं कापून, घासून, भाजून तो पायताणाच्या चामड्यासारखा झाला होता. "ह्येला काय कळत न्हाई आता. पाठ अजून कोवळी हाय," ते म्हणाले. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. दरवर्षी फळ्यावर बाण काढून वारे कुठून कुठे वाहतात ते मुलांच्या गळी उतरवतो. पण वारा हाताच्या पाठीनं ओळखायचा असतो, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

त्यांच्या कामाचं एक उदाहरण सांगतो. एका नव्या खानावळीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मालक खूश. त्याला वाटायचं, आपला तांबडा रस्साच तसा आहे. महिनाभरानं गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं तेव्हा त्यानं आबांना बोलावलं. आबांनी रस्सा चाखलासुद्धा नाही. धुराड्याचं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि अर्धा तास आतली काजळी बघत बसले. काजळी कुठे जाड, कुठे पातळ, कुठे पत्रा अगदी लख्ख. मग खाली उतरून म्हणाले, "दुसऱ्या वळणावर वारं थांबतंय. तितं काजळीचा ढीग हाय. धूर पुढं जात न्हाई, परत जेवायला येतोय." ते वळण काढलं आणि डोळ्यांचं पाणी थांबलं. मालकाला मात्र रुखरुख लागून राहिली की रस्सा आता पहिल्यासारखा झणझणीत लागत नाही.

"काजळी वाचायची असती, मास्तर," येताना आबा म्हणाले. "ती खोटं लिवत न्हाई."

एकदा मी त्यांना पन्हाळ्याला घेऊन गेलो होतो. तटबंदी, तळं, कणीस, सगळं बघून झालं, पण आबा रमले ते अंबरखान्यात. धान्याच्या त्या प्रचंड कोठाराच्या मधोमध उभं राहून त्यांनी वरच्या, धान्य ओतायच्या भोकांकडे पाहिलं आणि खिशातून उदबत्ती काढून पेटवली. धूर सरळ वर गेला. आबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की शेजारून जाणाऱ्या एका कुटुंबानं चपला काढल्या आणि हात जोडले. बाईंनी तर मला हळूच विचारलं, "इथं कुठला देव आहे?" आबा आपल्याच नादात म्हणत होते, "ज्यानं केलंय त्यो आपल्या धंद्यातला हाय."

आता त्यांची खोड सांगतो, नाहीतर हे कौतुकच होऊन बसेल. आबा चूक कबूल करायचे नाहीत. मोठी नाही, बारीकसुद्धा नाही. एकदा एका बेकरीत त्यांचं धुराडं चार बोटं आखूड पडलं. समोर फट दिसत होती, त्यातून आभाळ दिसत होतं. आबांनी टेप लावून पुन्हा मापलं आणि गंभीरपणे सांगितलं, "भिंत वाढलीया." बेकरीवाला म्हणाला, "आबा, भिंत कशी वाढंल?" तर म्हणाले, "पाणी प्याली आसंल की पावसाळ्यात." चार बोटांचा तुकडा त्यांनी फुकट जोडून दिला, पण चुकलो म्हणाले नाहीत. काकी म्हणायच्या, लग्नात अंतरपाट धरल्यावर हे चुकून करवलीसमोर उभे राहिले होते, ते आजपण मांडव तिरका होता असंच सांगतात.

काम मनासारखं झालं की मात्र ते नाव घालायचे. बाहेर नाही. धुराड्याच्या आत, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, पंच ठेवून हातोडीनं ठिपका ठिपका मारत दोनच अक्षरं: दि. पो. "आत कोण बघणार आहे?" मी एकदा म्हणालो. "वाऱ्याला कळू दे की कुणी केलंय," ते म्हणाले. जोडून दिलेल्या त्या चार बोटांच्या तुकड्यावर नाव होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तर आता ऋतुजाचा कॉम्प्युटर. आमची ऋतुजा इंजिनिअरिंगला आहे आणि गेम खेळते. खेळते म्हणजे पाच मुलींचा संघ आहे. एक सांगलीची, एक कराडची, कबनूरच्या दोन आणि ही. रीतसर स्पर्धा असतात, समोर दुसरा संघ असतो, पंच असतात, बघणारी हजारो पोरं असतात. मला सुरुवातीला हे सगळं थेर वाटायचं, हे कबूल करतो. पण एकदा तिच्या मागे उभं राहून पाहिलं. पाच ठिकाणी बसलेल्या पाच पोरी एकमेकींना न बघता एकमेकींना सांभाळत होत्या. त्यानंतर मी थेर हा शब्द वापरला नाही. संघाची कप्तान कबनूरची सानिया. तिच्या घराला लागून यंत्रमाग. ती बोलायला लागली की तिच्यामागून मागांचा खडखडाटही आमच्या घरात यायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका सामन्यात ऋतुजाचा कॉम्प्युटर ऐन वेळी आपोआप बंद पडला. आतला ताप वाढला की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं, असं कळलं. चौघी पाचजणींशी खेळल्या आणि हरल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा सानिया आडपडदा न ठेवता म्हणाली, "ऋतू, राग न्हाई गं तुझ्यावर. पन चौघींचं नुकसान किती वेळा करायचं? मेमधल्या फायनलला पोचलो आनि परत बंद पडलं तर तुज्या जागी मी दुसरी घेनार. एक पोरगी बघून ठेवलीया." ऋतुजा 'बरोबर आहे तुझं' म्हणाली. मग आत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली. संघ तिनं आणि सानियानं दोघींनी मिळून उभा केला होता.

मी बाप आणि त्यात भूगोलाचा मास्तर. मी टेबलफॅन आणून यंत्रावर सोडला. ताप तसूभर उतरला नाही, धूळ मात्र भरपूर गेली.

दुसऱ्या दिवशी आबा पेपर परत द्यायला आले, खिडकी उघडली आणि जागीच थांबले. आतल्या खोलीत यंत्राचे पंखे घोंगावत होते. "काय वरडतंय?" म्हणत ते आत गेले. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे फिरताहेत. आबांनी चष्मा सारखा केला. "ह्यो काय गणपती बसवलाय व्हय?"

ऋतुजानं समजावून सांगितलं. हा मुख्य भाग, हे चित्र काढणारं कार्ड, सगळ्यात जास्त तापतं ते हेच. हे पंखे. आबांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, मग खिशातून उदबत्ती काढली. सुनीता, माझी बायको, दारातून म्हणाली, "आबा, ते इलेक्ट्रिकचं आहे हो." "मला कुठं त्येची पूजा करायचीया वैनी," म्हणून त्यांनी उदबत्ती पेटवली आणि यंत्राच्या तोंडाशी धरली. पुढचं तोंड म्हणजे सलग काळी काच होती, कडेला नखभर फट. धूर तिथल्या तिथे घुटमळला आणि वर गेला. आत काही गेला नाही.

"नाक दाबून धरलंय पोरी हिचं," आबा म्हणाले, "आन वर म्हनायचं, पळ."

पुढचा भाग काढून ते शेडवर घेऊन गेले. दोन दिवसांनी आणला तेव्हा मधली काच जाऊन तिथे सुबक भोकांची जाळी बसलेली होती, कडा घासून गुळगुळीत. डोक्यावरच्या पत्र्यालाही दोन गोल भोकं पाडून आणली, ऋतुजानं मागवलेले दोन नवे पंखे तिथे बसवले. आणि मग आबांनी पुढचे दोन पंखे काढून उलटे लावायला घेतले. म्हणजे पुढचे बाहेर, वरचे बाहेर, मागचा बाहेर. सगळे बाहेर फेकणारे.

ऋतुजा अडखळत म्हणाली, "आबा, पुढचे दोन आत घेणारे ठेवतात. व्हिडिओत तसंच दाखवलंय."

"व्हिडिओवाल्यानं धुराडं केलंय का कदी?"

"नाही, पण..."

"मग झालं. गरम वारं भाईर गेलं पायजे. आत काय ऱ्हायलं न्हाई पायजे. चाळीस वर्सं त्येच करतोय."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला फळ्यावरचे बाण आठवले, पण आबांपुढे माझे बाण कोण विचारतो? यंत्र चालू केलं आणि ताप खरोखरच उतरला. दाबलेलं नाक मोकळं झालं होतं, तेवढ्याचा तो गुण होता, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. आबांनी उघड्या बाजूचा पोलादी पत्रा मांडीवर घेतला, आतून पंच ठेवला आणि दि. पो. घातलं. ऋतुजा तर नाचायचीच बाकी होती.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली. सुनीता दरवर्षी जाते. येताना नारळ, खोबरं आणि गुलाल आणते, आणि घरातल्या सगळ्या यंत्रांना चिमूट चिमूट गुलाल लावते. मिक्सर झाला, शिलाई मशीन झालं, माझी मोटरसायकल झाली. त्या वर्षी लेकीची फायनल तोंडावर. त्यामुळे कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिमूट नाही, चांगली मूठ पडली. ऋतुजानं कॉलेजातून येऊन न बघता बटण दाबलं. वरच्या पंख्यांनी सगळा गुलाल छतापर्यंत उडवला. खोली गुलाबी, पोरगी गुलाबी, पडदे गुलाबी. आम्ही तिघं हसून हसून लोळलो. पडदे धुवायला टाकले, टेबल पुसलं आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी सरावाच्या वेळी कॉम्प्युटर बंद पडला. तासाभरानं पुन्हा पडला. फायनल तीन दिवसांवर होती.

ऋतुजानं बाजू उघडली तर आत गुलालच गुलाल. सुनीता मटकन खुर्चीत बसली. "माझ्यामुळं झालं," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. ऋतुजा तिला काही बोलली नाही. पण 'नाही गं आई' असंही म्हणाली नाही.

आबा आले ते तडतडतच. "वैनी, चालू चुलीत कोन गुलाल टाकतं व्हय? केलेल्या कामाची माती केली." सुनीता आणखी खाली बघायला लागली. मग आबांनी चष्मा कपाळावर चढवला, बॅटरी घेतली आणि आत डोकं घातलं.

आम्ही वाट बघत उभे. बॅटरीचा झोत मागच्या फटीवर गेला. तिथे गुलालाच्या रेघा होत्या, आतल्या बाजूला ओढल्यासारख्या. मग खालच्या फटीवर, कडेच्या सांध्यांवर. जिथे जिथे म्हणून फट होती तिथून गुलाल आत शिरला होता. पुढच्या जाळीपाशी, जिथून भरपूर वारा आत यायला हवा होता, तिथे पत्रा लख्ख. आणि मधोमध, सगळ्यात जास्त तापणाऱ्या त्या कार्डाच्या पोटाखाली, गुलालाचा गुबगुबीत ढीग. वारं तिथे पोचतच नव्हतं.

आबांनी बॅटरी विझवली. पुन्हा लावली. पुन्हा तोच रस्ता बघितला, फटीपासून ढिगापर्यंत. खानावळीच्या धुराड्यात मी त्यांना असंच बघताना पाहिलं होतं, पण तेव्हा ते मधूनमधून गुणगुणत होते. मला वाटलं, आता भिंत वाढणार. सोपं होतं ते. गुलाल समोर दिसत होता, आणि तो टाकणारी बाई स्वतःच गुन्हा कबूल करून बसली होती. आबांनी नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता.

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश.

"वैनी," ते म्हणाले, "डोळं पुसा. तुमचं काय न्हाई ह्यात. गुलालानं बंद पाडलं न्हाई, गुलालानं दाखवलं. बंद मी पाडलंय."

मग ते ऋतुजाकडे वळले. "पोरी, तू म्हनालतीस. पुडचं दोन आत. मी ऐकलं न्हाई. धुराड्याखाली चूल असती, चुलीला तोंड असतं, वारं आपलं आपन येतंय. येनाऱ्या वाऱ्याची काळजी मला कदी करायलाच लागली न्हाई. हितं समद्यांनी भाईर वडलं, मग हिनं श्वास कुठनं घ्यायचा? फटीफटीतनं घेतला. चुकलं माझं."

मी आबांना तीस वर्षं ओळखत होतो. त्या तीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी उगीचच पडदा सारखा केला.

आबांनी पोलादी पत्रा मांडीवर घेतला. पिशवीतून कानस काढली आणि दि. पो. ही अक्षरं घासायला सुरुवात केली. ऋतुजा म्हणाली, "आबा, राहू दे ना." ते म्हणाले, "चुकलेल्या कामावर नाव नसतंय." ठिपके पूर्ण जाईपर्यंत ते घासत राहिले.

मग कामाला लागले. ब्रशनं आणि फुंकणीनं कणकण गुलाल काढला. ऋतुजा सांगत होती आणि आबा ऐकत होते, हे दृश्यसुद्धा नवंच. पुढचे दोन पंखे आत घेणारे झाले, असे की वारा थेट कार्डावर यावा. वरचे आणि मागचा बाहेर. पण आत घ्यायचं म्हणजे धूळही आत येणार. आबा उठून घरी गेले आणि येताना मैदा चाळायची चाळण घेऊन आले. कातरीनं तिची बारीक जाळी कापली आणि पुढच्या तोंडाला आतून बेताची बसवली. पाठोपाठ मालनकाकी दारात. "ती परत यायची हाय का?" त्यांनी विचारलं. आबा मान वर न करता म्हणाले, "न्हाई." काकींनी एकदा चाळणीकडे, एकदा ऋतुजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला सुनीताला घेऊन आत गेल्या.

उदबत्ती पुढे धरली. धूर सरळ रेघेत आत गेला, कार्डाच्या अंगावरून वर चढला आणि डोक्यावरच्या पंख्यातून बाहेर पडला. काचेतून सगळं दिसत होतं. पन्हाळ्याला दिसलेलं ते समाधान आबांच्या चेहऱ्यावर येईल, म्हणून मी वाट बघितली. आलं नाही. "आयतवारी बघू," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी दोनला पुण्याच्या संघाशी सामना. मे महिना, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आबा दीडलाच येऊन बसले. त्यांना पडद्यापुढे खुर्ची दिली तर ती त्यांनी उचलून यंत्राच्या मागे भिंतीशी नेली. "मला त्यातलं काय कळतंय?" म्हणाले. आणि बसल्या बसल्या उजवा हात उलटा करून मागच्या पंख्याशी धरला.

तीन डाव होते. पहिला पोरींनी जिंकला. दुसरा हरल्या. तिसरा लांबत लांबत गेला. ऋतुजाचे खांदे कानांपर्यंत आलेले, सानियाच्या आवाजामागे मागांचा खडखडाट, सुनीता देवघरात. पडद्याच्या कोपऱ्यात तापाचा आकडा असतो, मी फक्त तेवढाच बघत होतो. तो चढायचा, थांबायचा, तिथेच राहायचा. मधूनच मी आबांकडे बघायचो. डोळे मिटलेले, हात तसाच. एकदा मी न राहवून विचारलं, "आबा, काय म्हणतंय?"

"ऊन वारं येतंय," ते म्हणाले. "सारखं येतंय. म्हंजे आत थंड हाय."

तिसरा डाव थोडक्यात गेला. दुसरा नंबर. ऋतुजानं कानावरचं काढलं आणि डोळे पुसले, पण सानियाचा आवाज खोलीभर ऐकू आला, "ऋतू, आज तुजी पेटी बंद पडली न्हाई गं. त्या पोरीला कळवून टाकते, जागा रिकामी न्हाई म्हनून. आनि पुडच्या वेळी ह्या पुनेवाल्यांचं आपन बघतो." ऋतुजा रडता रडता हसली. सुनीता देवघरातून गुलालाची वाटी घेऊन आली होती. ती यंत्राकडे निघालेली बघून आम्ही तिघंही एकदम ओरडलो. मग तिनं तो गुलाल आबांच्या कपाळाला लावला.

आबांनी हात खाली घेतला. तीन तास तो एकाच जागी होता. थोडं पाणी प्याले आणि ऋतुजाला म्हणाले, "तेवडा बाजूचा पत्रा काढून दे. शेडवर नेतो. कड जरा धारदार ऱ्हायलीया." ती कड मला तरी गुळगुळीत वाटत होती. संध्याकाळी त्यांनी पत्रा परत आणला, स्वतःच्या हातानं बसवला आणि स्क्रू आवळले.

त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, आबा आणि काकी धाकट्या मुलाकडे मलकापूरला राहायला गेले. काकींचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते आणि मुलाचं घर बैठं होतं. निघायच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. आबा पुढे बसले. मुलानं मोठ्या कौतुकानं एसी लावला. आबांनी त्यापुढे हात उलटा धरला, गाडीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "यायचं कळलं. जातंय कुठनं?" मुलगा काहीतरी सांगायला लागला, तोवर आबांनी काच खाली केली होती. ऋतुजाला जवळ बोलावून म्हणाले, "दिवाळीला उगडून साफ कर. चाळन धुऊन लाव." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीबाहेर त्यांचा हात दिसत होता, वाऱ्यावर उलटा धरलेला. आम्हाला वाटलं, निरोप देताहेत. सुनीतानं हात हलवला. ते वारं बघत होते.

दिवाळीच्या साफसफाईत ऋतुजानं यंत्र खाली घेतलं. चाळण धुतली, पंखे पुसले आणि पोलादी पत्रा उलटा करून पुसायला घेतला. मग मला हाक मारली. जिथे आबांनी कानशीनं घासलं होतं तिथे पत्रा अजून चकचकीत होता, आणि त्या चकचकीत जागेवर नवे ठिपके होते. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, ओळ जरा तिरकी. दि. पो. आणि त्याखाली: आधी चुकलं, मग जमलं.

ऋतुजानं ते दोनदा वाचलं. पत्रा जागेवर बसवला, स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि यंत्राच्या मागे हात उलटा धरून उभी राहिली.

"ऊन येतंय," ती म्हणाली.